पहिली पट्टी नॉर्मल आली, तरी दोन प्रश्न विचारा

छातीत दुखू लागले की वस्तीत पहिला शब्द निघतो, 'गॅस झाला असेल.' मग सोडा, ओवा, मेडिकलमधली गोळी. यात दोन-तीन तास जातात आणि अटॅक असेल तर नेमके तेच तास मोलाचे असतात. 108 ला फोन करा.

दवाखान्यात छातीत दुखणारा माणूस आला की 10 मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. केसपेपरच्या रांगेत थांबू नका, कॅज्युअल्टीत जाऊन 'छातीत दुखतंय' असे मोठ्याने सांगा. पट्टीत मोठा अटॅक दिसला तर उपचार लगेच सुरू होतात. घोळ होतो तो पट्टी नॉर्मल आल्यावर. घरचे निघायची घाई करतात, कधी दवाखानाही पाठवून देतो. पण अटॅक असूनही पहिली पट्टी साफ येऊ शकते.

म्हणून दुखणे थांबत नसेल तर पट्टी पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी करतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात वाढते, पण त्याला वेळ लागतो. लवकर पोचलेल्याचा पहिला रिपोर्ट चांगला येऊ शकतो. काही तासांनी पुन्हा रक्त घेतात ते याचसाठी, बिल वाढवायला नव्हे.

पट्टीत अटॅक स्पष्ट दिसत नसेल तेव्हा बरेच डॉक्टर नेदरलँड्समध्ये तयार झालेला 'हार्ट स्कोअर' वापरतात. दुखण्याची हकीकत, ईसीजी, वय, धोका वाढवणाऱ्या गोष्टी आणि ट्रोपोनिन, प्रत्येकाला 0 ते 2 गुण. बेरीज 3 पर्यंत असेल तर धोका कमी, 4 ते 6 मध्यम, 7 पासून पुढे जास्त. कमी म्हणजे शून्य नव्हे.

यातली हकीकत आणि धोक्याच्या गोष्टी तुम्ही सांगाल तेवढ्याच डॉक्टरांना कळतात. कधी सुरू झाले, चालताना वाढते का, हात, जबडा, पाठीकडे जाते का, घाम सुटला का. बीपी, साखर, बिडी, वडिलांना किंवा भावाला कमी वयात आलेला अटॅक, सगळे सांगा. सासऱ्यांसमोर बिडी लपवली की गुण कमी पडतो आणि माणूस घरी जातो! तंबाखू-मिश्रीही सांगा.

बायकांना आणि साखरेच्या रुग्णांना कधी कळ कमी, पण दम, मळमळ, थकवा जास्त असतो. बाईच्या वतीने घरचेच 'ॲसिडिटी आहे' सांगून मोकळे होतात. तिला स्वतः बोलू द्या.

घरी सोडताना विचारा, 'ईसीजी पुन्हा काढला का? ट्रोपोनिन पुन्हा बघितलं का?' आणि परत कधी दाखवायचे ते केसपेपरवर लिहून घ्या. त्याआधी पुन्हा दुखले तर तारखेची वाट पाहू नका, तोच कागद घेऊन लगेच कॅज्युअल्टी गाठा.