घाटातला ‘खेकडा’ दिल्लीत

१८८९ साली नाशिक रोड स्थानक आणि नाशिक गाव यांना जोडणारी घोड्यांची ट्राम सुरू झाली. चार घोडे तिचे दोन डबे ओढीत. १९३० नंतर काही वर्षांतच ती बंद पडली. आज त्या गजबजलेल्या रस्त्यावर नातवंडांना दाखविण्यासारखी तिची खूण उरलेली नाही.

कसारा घाटाचे जुने इंजिन मात्र टिकले आहे. ते पाहण्यासाठी नाशिककरांना दिल्ली गाठावी लागते. चाणक्यपुरीत १९७७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ‘सर लेस्ली विल्सन’ हे विजेचे इंजिन उभे आहे. १९२८ पासून आलेली या जातीची इंजिने कसारा ते इगतपुरी हा सदतीस फुटांस एक फूट असा खडा चढ मालगाड्या घेऊन चढत. त्यांना ‘खेकडा’ हे नाव पडले. घाट उतरताना ती वीज निर्माण करून तारेत परत देत. खर्चाबरोबर जमेची बाजूही सांभाळणारे हे यंत्र!

संग्रहालयातील छोट्या गाडीची फेरी मुलांना रमविते. मोठ्यांनी पतियाळा संस्थानची मोनोरेल अवश्य पाहावी. ती एकाच रुळावर चालते आणि तोल राखण्यासाठी तिचे एक मोठे चाक जमिनीवरून फिरते. ती वाफेवर चालविली जाईल त्या दिवशी तिच्यात बसण्याची संधी दवडू नये.

ट्राम गेली, खेकडा कोणीतरी जपला म्हणून उरला. तो पाहून आलेला नातू मुंबईहून परतताना कसाऱ्याला गाडीमागे जोड-इंजिने लागताच खिडकीशी धावेल, आणि आजोबांना सांगण्यासारखे पुष्कळ असेल.