महिला क्रीडा अनुदान : मीरा-भाईंदर शहराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
क्रीडा हे आरोग्य आणि आत्मविश्वास यांचे प्रभावी साधन मानले जाते. तथापि किशोरवयात अनेक मुली मैदानापासून दुरावतात. अनुदान उपलब्ध असूनही ही गळती का थांबत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

शहराची पार्श्वभूमी :
मीरा-भाईंदर महानगरपालिकेची स्थापना २८ फेब्रुवारी २००२ रोजी झाली. २००१ च्या जनगणनेनुसार ५,२०,३८८ असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. वस्ती वाढली, की मोकळ्या जागेवरील ताणही वाढतो. रेल्वेमार्गाने शहर पूर्व व पश्चिम असे विभागले आहे. उत्तनसारख्या किनाऱ्यावरील गावातून स्थानक परिसरात सरावास येणाऱ्या मुलीला प्रवासाचा खर्च व वेळ सोसावा लागतो. सायंकाळी परतण्याची चिंता वेगळीच.

अनुदानाचे स्वरूप :
राज्य शासनाच्या क्रीडांगण विकास व व्यायामशाळा विकास अनुदान योजनांचा भर प्रामुख्याने बांधकाम व साहित्यावर आहे. केंद्र शासनाच्या 'खेलो इंडिया' योजनेची २०१७ मध्ये फेररचना झाली. तिच्या १२ घटकांत महिलांसाठी क्रीडा हा स्वतंत्र घटक होता. या योजनेत निवड झालेल्या खेळाडूला दरमहा १०,००० रुपये भत्ता देण्याची तरतूद आहे. महानगरपालिकांनीही अर्थसंकल्पातील ५ टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवणे अपेक्षित आहे.

उणीव कोठे आहे?
वरील क्रीडा योजनांचा विचार करता एक बाब स्पष्ट होते. निधीचा एक प्रवाह वास्तूकडे जातो, तर दुसरा निवड झालेल्या खेळाडूकडे. या दोहोंच्या मधली मुलगी, म्हणजे जी अद्याप विजेती नाही परंतु नियमित खेळू इच्छिते, ती अनुदानाच्या कक्षेत सहसा येत नाही. तिची गरज साधी असते : महिला प्रशिक्षिका, स्वच्छतागृह, कपडे बदलण्यासाठी खोली, प्रवासभाडे आणि सरावाची निश्चित वेळ. वास्तू एकदा उभारता येते. प्रशिक्षिकेचे मानधन मात्र दरमहा द्यावे लागते.

अमेरिकेचा अनुभव येथे उद्बोधक ठरतो. तेथील १९७२ च्या कायद्यातील 'टायटल नाईन' या तरतुदीने मुलींसाठी वेगळे अनुदान दिले नाही. संघराज्याचा निधी घेणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेवर लिंगभेद न करण्याची अट घातली. त्यापूर्वी माध्यमिक शाळांत खेळणाऱ्या मुलींची संख्या ३ लाखांहून कमी होती. पुढे ती ३० लाखांवर गेली. या वाढीमागे इतर कारणेही असतील. परंतु निधीला सहभागाची अट जोडता येते, हे यातून दिसते.

महाविद्यालयांची भूमिका :
प्रथम वर्षात खेळणाऱ्या किती विद्यार्थिनी तृतीय वर्षापर्यंत मैदानावर टिकतात, याची नोंद शारीरिक शिक्षण विभागास सहज ठेवता येईल. पदकांच्या यादीसोबत हा आकडा अहवालात आल्यास महाविद्यालयाला अनुदानाची मागणी अधिक नेमकेपणाने करता येईल.

निष्कर्ष :
महिला क्रीडा अनुदानाचा प्रश्न केवळ रकमेचा नसून ते कोणत्या टप्प्यावर व किती नियमितपणे पोहोचते याचा आहे. पदक मिळाल्यानंतरचा गौरव आवश्यकच आहे. परंतु खेळ सुटण्यापूर्वी मिळालेली अल्प मदत अधिक मुलींना मैदानावर टिकवू शकेल.