दोरीवरचे टी-शर्ट

गैरसमज : नवऱ्याचा मार सोसून बाहेर पडलेल्या बाईला कोर्ट हवं, नोकरी हवी. रंगकाम, शिवणकाम म्हणजे नुसता टाइमपास.

वस्तुस्थिती : १९९० साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हायॅनिस इथे भर गावात दोरी बांधून त्यावर ३१ शर्ट टांगले गेले. अत्याचार सोसलेल्या बायकांनी आपापली हकिकत त्यांवर मांडली होती. हा 'क्लोथ्सलाइन प्रोजेक्ट' पुढे गावोगाव पोचला. मारहाण सोसलेलीचा शर्ट पिवळा, जीव गमावलेलीसाठी पांढरा, असे संकेत रूढ झाले. शर्टावर काय काढायचं, किती सांगायचं, हे मात्र जिचं तिनं ठरवायचं.

मला यातलं हे ठरवणंच सगळ्यात मोलाचं वाटतं. भाजीत मीठ किती, माहेरी फोन कधी, पैसे कशावर खर्चायचे, सगळं दुसऱ्यानं ठरवायचं आणि जरा चुकलं की हात उगारायचा, अशा घरात वर्षं काढली की बाईचा स्वतःच्या निर्णयावरचा भरवसाच उडतो. शर्ट रंगवताना ती स्वतः ब्रश उचलते, रंग निवडते, नाही आवडला तर पुसते. कुणी ओरडत नाही. चित्र बरं आलं की वाईट, हा प्रश्नच नसतो.

गैरसमज : हे रंगकाम घरी एकटीनंही करता येईल.

वस्तुस्थिती : करता येईल, पण छळणारा माणूस बाईला आधी तिच्या माणसांपासून तोडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) आपल्याकडे शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के मदत मागतात. बहुतेकजणी कुणाजवळ बोलतही नाहीत. गटात बसून रंगवताना हात कामात असतात, समोरच्याच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि शेजारणीच्या कापडावर आपलंच दुखणं दिसतं. 'माझंच काहीतरी चुकलं असेल' हा समज तिथे ढिला पडतो.

गैरसमज : कलेनं सगळं बरं होतं.

वस्तुस्थिती : नाही. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२च्या 'ट्रॉमा अँड रिकव्हरी'त सावरण्याची पहिली पायरी सुरक्षितता हीच सांगितली आहे. धोका डोक्यावर असताना कुणालाही आठवणी रंगवायला बसवू नये, बोलायची सक्ती तर मुळीच करू नये. सुरक्षिततेसाठी कायद्याचा आधार आहे : घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या आपल्या २००५च्या कायद्यानं शिवीगाळ आणि पैशांची कोंडी हीसुद्धा हिंसाच मानली आहे, आणि सासरच्या घरात राहण्याचा हक्कही दिला आहे. ओळखीत अशी कुणी असेल, तर तिला १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आजच द्या.