फिरत्या घराची वीज : अमेरिकेतील आरव्ही वाहने आणि त्यांच्या विद्युतयंत्रणेचे संरक्षण

प्रस्तावना

उत्तर अमेरिकेत ज्यांना ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ अथवा संक्षेपाने ‘आरव्ही’ म्हणतात, ती वाहने म्हणजे चाकांवरील घरेच होत. शीतकपाट, मायक्रोवेव्ह, वातानुकूलन यंत्र, पाणी तापविण्याचे साधन ही सर्व सामग्री त्यांत असते आणि ती चालविण्यासाठी मुक्कामाच्या तळावरील खांबाच्या पेटीतून वीज घेतली जाते. स्थिर घराची वीजजोडणी एकदाच होते व तिची तपासणीही एकदाच पुरते. आरव्हीचे तसे नाही. दर मुक्कामी नवा खांब, नवी पेटी आणि कोणी, केव्हा, कशी केली हे ठाऊक नसलेली जोडणी. म्हणूनच ‘सर्ज प्रोटेक्टर’ नावाचे उपकरण तेथील वाहनधारक आवर्जून विकत घेतात. तथापि, या नावाने ज्या संकटाचा बोध होतो ते संकट आरव्हीच्या बाबतीत दुय्यम असून खरे धोके वेगळेच आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वीजपुरवठ्याचे स्वरूप

अमेरिकेत घरगुती रोहित्राच्या दुय्यम वेटोळ्यातून २४० व्होल्टचा दाब मिळतो व त्याच्या मध्यबिंदूपासून न्यूट्रल म्हणजे उदासीन तार काढलेली असते. त्यामुळे दोन जिवंत तारांपैकी कोणतीही एक आणि न्यूट्रल यांच्यामध्ये १२० व्होल्ट मिळतात. लहान आरव्हीसाठी ३० अँपिअरची जोडणी असते. तीत एक जिवंत तार, एक न्यूट्रल व एक भूसंपर्क तार असून मिळणारी शक्ती ३६०० वॅट असते. मोठ्या वाहनांना ५० अँपिअरची जोडणी लागते. तीत दोन जिवंत तारा असतात. म्हणून शक्ती दुप्पट नव्हे, तर १२,००० वॅट होते. मात्र वाहनातील जवळजवळ सर्व उपकरणे १२० व्होल्टचीच असतात व ती दोन बाजूंमध्ये विभागलेली असतात, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी.

लाट आणि तिचे निवारण

विद्युतलाट म्हणजे सेकंदाच्या लक्षांश भागांत मोजावा लागणारा, क्षणिक परंतु उंच दाब. जवळपास वीज पडणे किंवा वीजवाहिनीवरील मोठा भार एकाएकी जोडला वा तोडला जाणे ही त्याची कारणे होत. त्यावरील उपाय म्हणजे धातू-ऑक्साइड व्हॅरिस्टर. जस्ताच्या ऑक्साइडचे कण भाजून केलेली ही चकती नेहमीच्या दाबाला जवळजवळ प्रवाह वाहू देत नाही. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तिचा रोध एकदम कोसळतो आणि लाटेची ऊर्जा ती स्वतःकडे वळवून घेते. अशा उपकरणांची क्षमता ज्यूलमध्ये सांगितली जाते व त्यांच्यासाठी तेथे ‘यूएल १४४९’ हे मानक आहे. प्रत्येक लाटेबरोबर चकती थोडीथोडी झिजते. तेव्हा ती कायमची ढाल समजणे चुकीचे ठरेल.

परंतु मुख्य मर्यादा निराळी आहे. व्हॅरिस्टर क्षणाचा सोबती आहे. दोनशे व्होल्टचा दाब मिनिटभर टिकून राहिला, तर तो ऊर्जा शोषत शोषत तापतो व स्वतःच जळून जातो. दाब ९० व्होल्टपर्यंत उतरला, तर तो काहीच करीत नाही. आणि तळांवर घडते ते बहुधा हेच.

न्यूट्रल तुटणे

यांतील सर्वांत विध्वंसक प्रकार म्हणजे ५० अँपिअरच्या जोडणीतील न्यूट्रल सुटणे. उन्हापावसात वर्षानुवर्षे उघड्यावर राहिलेल्या पेटीत, शेकडो वेळा प्लग घालून-काढून सैल झालेल्या सॉकेटात ही तार सुटण्यास फारसे निमित्त लागत नाही. न्यूट्रल गेली की दोन्ही बाजूंची उपकरणे २४० व्होल्टच्या दाबाखाली एकसरीत येतात आणि दाबाची वाटणी त्यांच्या रोधानुसार होते. समजा, एका बाजूस ३०० वॅटची दिवे-दूरचित्रवाणीसारखी उपकरणे व दुसऱ्या बाजूस १५०० वॅटचा हीटर आहे. पहिल्या बाजूचा रोध ४८ ओहम, तर दुसऱ्या बाजूचा ९.६ ओहम. एकूण ५७.६ ओहममधून सुमारे ४.१७ अँपिअर प्रवाह वाहतो. परिणामी हीटरला केवळ ४० व्होल्ट मिळतात आणि बिचाऱ्या दूरचित्रवाणीस २०० व्होल्ट! प्रवाह अल्प असल्याने सर्किट ब्रेकर पडत नाही. त्याच्या दृष्टीने सारे सुरळीतच असते.

महाराष्ट्रातील वाचकास हा प्रकार अपरिचित नाही. आपल्याकडे तीन फेजच्या वाहिनीवरील न्यूट्रल तुटली की गल्लीतल्या काही घरांतील दिवे मंदावतात आणि काही घरांतील पंखे, दूरचित्रवाणी संच जळतात. तत्त्व एकच, आपल्याकडे दोन फेजांमधील दाब ४०० व्होल्टच्या आसपास असल्याने परिणाम अधिक भयानक, एवढाच फरक.

३० अँपिअरच्या जोडणीत न्यूट्रल तुटल्यास पुरवठा केवळ बंद पडतो. तेथे धोका दुसरा आहे. या सॉकेटात तीन छिद्रे पाहून, हे कपडे वाळविण्याच्या यंत्रासाठीचे २४० व्होल्टचे सॉकेट असावे, असा समज करून घेऊन दोन जिवंत तारा जोडणारे वीजतंत्री तेथे आढळतात. आरव्हीचा मालक आपल्या घराच्या अंगणात असे सॉकेट बसवून घेतो तेव्हा ही चूक विशेषत्वाने होते आणि प्लग घालताच वाहनातील बरीच उपकरणे निकामी होतात.

मंद दाब

उन्हाळ्याच्या दुपारी तळावरील सर्व वाहनांची वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी चालू असतात. लांबलचक तारेचा जाण्यायेण्याचा रोध केवळ अर्धा ओहम असला, तरी ३० अँपिअरला १५ व्होल्टची घट होते. १२० चे १०५ होतात. दिव्याला याचे काही वाटत नाही. काँप्रेसरच्या मोटरला मात्र तेवढेच काम करण्यासाठी अधिक प्रवाह ओढावा लागतो व वेटोळ्यांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ही हानी एका क्षणात दिसत नाही. तीन-चार उन्हाळ्यांनंतर यंत्र जळते आणि दोष यंत्राच्या माथी मारला जातो.

भूसंपर्क आणि जीवितहानीचा प्रश्न

आतापर्यंत वस्तूंच्या नुकसानीचा विचार झाला. प्राणाशी गाठ आहे ती भूसंपर्क तारेच्या बाबतीत. आरव्ही रबरी टायरांवर उभी असल्याने जमिनीपासून विलग असते. भूसंपर्क तार तुटलेली असून आत एखाद्या उपकरणाचे विद्युतरोधन सदोष झाले, तर वाहनाचा धातूचा सांगाडा १२० व्होल्टपर्यंत भारित होऊन तसाच राहतो. ओल्या गवतावर अनवाणी उभे राहून दाराची मूठ धरणारा माणूस, बहुधा लहान मूल, त्या प्रवाहाची वाट बनतो. शंभर मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाहही हृदयाची लय बिघडविण्यास पुरेसा असतो.

वाहनाशेजारी लोखंडी सळई ठोकून तिला सांगाडा जोडला की काम भागेल, असे अनेकांस वाटते. हिशेब तसे सांगत नाही. सळईचा जमिनीशी रोध २५ ओहम धरला, तर १२० व्होल्टला ४.८ अँपिअर वाहतील. ३० अँपिअरचा ब्रेकर तेवढ्याने पडणार नाही. दोषप्रवाह रोहित्राच्या न्यूट्रलपर्यंत तारेनेच परतला पाहिजे. माती ही त्याची पर्यायी वाट नव्हे.

उपाययोजना

या सर्वांचा विचार करून बनविलेल्या उपकरणास तेथे ‘एनर्जी मॅनेजमेंट सिस्टिम’ म्हणतात. नाव दिशाभूल करणारे आहे, कारण हे उपकरण ऊर्जेचे व्यवस्थापन करण्याऐवजी पहारा करते. त्यात व्हॅरिस्टर असतातच. शिवाय ते दाब, तारांचा क्रम, न्यूट्रल व भूसंपर्क तपासते, आणि दाब मर्यादेबाहेर गेल्यास संपर्कक उघडून वाहनाचा पुरवठा तोडते. एका प्रचलित बनावटीत या मर्यादा १०४ व १३२ व्होल्ट आहेत. पुरवठा सुधारल्यावरही ते लगेच जोडत नाही. काँप्रेसरमधील दाब उतरण्यासाठी सुमारे दोन मिनिटे थांबते. साध्या सर्ज प्रोटेक्टरपेक्षा याची किंमत बरीच अधिक असते, पण एका वातानुकूलन यंत्राच्या तुलनेत ती जास्त म्हणता येणार नाही.

तथापि, हे उपकरणही सर्वज्ञ नाही. ते सामान्यतः जिवंत तारा तोडते, भूसंपर्क तार तोडत नाही. खांबाच्या पेटीतच कोणी भूसंपर्क तार जिवंत तारेस जोडून ठेवली असेल, तर पुरवठा बंद असूनही सांगाडा भारित राहील. यासाठी प्लग घालण्यापूर्वी पेटीची, आणि प्लग घातल्यावर दारास हात लावण्यापूर्वी सांगाड्याची स्पर्शरहित टेस्टरने तपासणी करावी. पेटीतील ब्रेकर आधी बंद करून मगच प्लग घालावा वा काढावा. भारासह प्लग ओढल्याने पडणाऱ्या ठिणग्यांनीच सॉकेटाचे संपर्क खराब होतात आणि त्याची किंमत पुढचा प्रवासी मोजतो. थेट पडणाऱ्या विजेपुढे, जिचा प्रवाह हजारो अँपिअरचा असतो, कोणताही व्हॅरिस्टर टिकत नाही. वादळाची चिन्हे दिसताच, ते जवळ येण्याआधी केबल काढून ठेवणे हाच मार्ग.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे, म्हणून येथील स्थितीविषयी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. अमेरिकी संरक्षक उपकरण येथे आणून उपयोग नाही. आपला २३० व्होल्टचा नेहमीचा पुरवठाच त्यास अतिदाब वाटेल. येथील वाहनास कमी-अधिक दाबाला पुरवठा तोडणारे २३० व्होल्टचे उपकरण आणि ३० मिलिअँपिअरला सुटणारा आरसीसीबी, असे दोन्ही हवेत; आणि ज्या ढाब्याच्या किंवा विश्रामगृहाच्या सॉकेटातून वीज घ्यावयाची, त्याच्या तिसऱ्या छिद्रामागे तार खरोखर आहे किंवा नाही हे दर वेळी तपासून घ्यावयास हवे.