पादोवाचं पत्र : आवाज येतोय ना?

पादोवा (इटली), १५ जुलै २०२०

गेल्या आठवड्यात कोल्हापूरहून भाचीचा फोन आला. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आधी परीक्षा रद्द झाली म्हणून सुटकेचा श्वास सोडला, मग राज्य सरकार एक म्हणतंय नि विद्यापीठ अनुदान आयोग दुसरंच, त्यात ६ जुलैला आयोगाने परीक्षा घ्यायलाच हवी असं कळवलं. पोरगी अगदी रडकुंडीला आली होती. "मावशी, तुमच्याकडे काय केलं गं?" मी म्हटलं, घेतल्या की परीक्षा, आत्तासुद्धा चालूच आहेत. "ऑनलाइन? मग सगळे कॉपी करत असतील." फोनवर तिला नीट उत्तर देता आलं नाही. द्यायचं तर आधी इथे परीक्षा कशाला म्हणतात तेच सांगायला हवं होतं.

इटलीत परीक्षा म्हणजे मुख्यतः बोलणं. बऱ्याच विषयांत आधी लेखी असते, पण शेवटचा शब्द तोंडी परीक्षेचा. टेबलाच्या अलीकडे विद्यार्थी, पलीकडे दोन परीक्षक. वीस मिनिटं, कधी अर्धा-पाऊण तास प्रश्न चालतात. गुण ३० पैकी. १८ ला पास, आणि फारच सुंदर उत्तरं दिली तर ३० वर 'ए लोदे', म्हणजे सन्मानासह. परीक्षेच्या खोलीचं दार उघडं असतं, कारण कायद्यानेच ही परीक्षा जाहीर आहे. ज्यांचा नंबर यायचाय ती मुलं मागच्या बाकांवर बसून ऐकत असतात. गुण तिथल्या तिथे सांगतात आणि ते पटले नाहीत तर विद्यार्थी नम्रपणे 'नको' म्हणून पुढच्या खेपेला पुन्हा येऊ शकतो.

मी बारकोड लावलेल्या उत्तरपत्रिकांच्या जगातून आले. पहिल्या वर्षी हे पाहून मला धक्काच बसला होता. मास्तरांची मर्जी, मुलीचा लाजरेपणा, दुपारच्या जेवणानंतरची पेंग, सगळ्याचा परिणाम गुणांवर होणार! तो होतोही थोडा, नाही कसं म्हणू? पण गेली सहा वर्षं जीवरसायनशास्त्राच्या परीक्षक मंडळावर सहायक म्हणून बसते आहे, आणि आता माझं मत ठाम आहे की समोर बसून विचारल्याशिवाय कुणाला काय कळलंय ते कळत नाही. महामारीत या विद्यापीठाने बाकी जवळजवळ सगळं सोडून दिलं, ही एक गोष्ट मात्र सोडली नाही. मला आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी. संध्याकाळी बातमी आली की इथून जवळच, एउगानेई टेकड्यांच्या कुशीतल्या व्हो नावाच्या गावातला एक म्हातारा माणूस कोरोनाने दगावला. इटलीतला तो पहिला बळी. रविवारी व्हेनेतो प्रांतातल्या शाळा-विद्यापीठं बंद करण्याचा हुकूम निघाला. दुसरं सत्र अगदी तोंडावर आलं होतं. सुरुवातीला आठवडाभराची सुट्टी वाटली. ८ मार्चला पादोवा जिल्हा बंद झाला आणि १० मार्चला सगळा देश.

इथे 'फाकोल्ता' म्हणजे विद्याशाखा हा शब्द २०१० च्या कायद्याने कागदावरून गेला. त्याजागी विभाग आणि 'स्कूल' आले. पण लोकांच्या तोंडून तो काही जात नाही. मुलं अजून 'फाकोल्ताला चाललो' म्हणतात, आणि घरी बसायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना त्या शब्दाचीच हुरहूर लागली. माझी फाकोल्ता म्हणजे पियोवेगो कालव्याच्या काठावरची व्हालिस्नेरी ही इमारत. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पेशींचे नमुने द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवले, हातमोज्यांचे न फोडलेले खोके रुग्णालयाला पाठवले आणि कुलूप लावलं. त्यानंतर आठवड्यातून एकदा, खिशात सहीचं प्रतिज्ञापत्र घेऊन, मी एकटी फ्रीझरचं तापमान बघायला जायची. रस्त्यावर फक्त माझ्या सायकलचा आवाज.

आमचे प्राध्यापक साठी ओलांडलेले. आयुष्यभर खडू-फळ्यावर शिकवलेलं. त्यांना स्लाइड आवडत नाहीत. रेणू मुलांच्या डोळ्यांदेखत हळूहळू काढला तरच तो समजतो, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पहिल्या ऑनलाइन तासाला त्यांनी घरातल्या स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवले, समोर पुस्तकांची चळत लावून तिला फोन टेकवला आणि शिकवायला सुरुवात केली. दर पाच मिनिटांनी ते थांबून विचारत, "मी सेन्तिते?" आवाज येतोय ना? दीडशे काळ्या चौकोनांतून उत्तर नाही. मग एका मुलीने कॅमेरा सुरू करून मान हलवली. पुढच्या तासाला आणखी दहाबारा जणांनी. कुणी सांगितलं नव्हतं.

याच काळात वैद्यक विद्याशाखेत जे चाललं होतं ते तर इतिहासात जाईल. तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख आंद्रेआ क्रिसांती हे मूळचे मलेरियाच्या डासांवर काम करणारे, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून आलेले. युरोपात आजार पसरण्याआधीच, जानेवारीतच त्यांनी चाचणीची रसायनं मागवून ठेवली होती आणि प्रयोगशाळेने स्वतःची चाचणी तयार केली होती. व्होमधला पहिला मृत्यू झाल्यावर प्रांताने अख्ख्या गावाची चाचणी करायचं ठरवलं. गावाची वस्ती ३,२७५. पहिल्या फेरीत २,८१२ जणांचे घशाचे नमुने घेतले, त्यांत २.६ टक्के बाधित निघाले. गाव बंद ठेवून दोन आठवड्यांनी पुन्हा नमुने घेतले तर प्रमाण १.२ टक्क्यांवर आलेलं. आणि बाधितांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांना कसलंही लक्षण नव्हतं! ३० जूनला हा अभ्यास 'नेचर'मध्ये छापून आला. ताप नसलेला माणूसही आजार पसरवतो, म्हणून लक्षणांची वाट न बघता चाचण्या करा, हे एका खेड्याने जगाला दाखवलं. शिकवणं, संशोधन आणि रुग्णालय एकाच छपराखाली असतं तेव्हा काय होऊ शकतं, ते मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

दुसरा मोठा निर्णय रोमहून आला. इथे सहा वर्षांचं वैद्यकीय शिक्षण पुरं झालं तरी डॉक्टरकी करायला एक वेगळी लेखी राज्यपरीक्षा द्यावी लागे. २८ फेब्रुवारीला ती व्हायची होती, ती पुढे ढकलली. मग १७ मार्चच्या 'कूरा इतालिया' वटहुकमाने ती काढूनच टाकली: पदवी हाच परवाना, रुग्णालयातला प्रशिक्षणकाळ पुरा केलेला असला म्हणजे झालं. विद्यापीठमंत्री गाएतानो मानफ्रेदी हे मंत्री व्हायच्या आधी नेपल्सच्या विद्यापीठाचे कुलगुरू होते. या निर्णयाने दहा हजार तरुण डॉक्टर लगेच मिळतील असं त्यांनी सांगितलं. देशात तोवर डॉक्टर स्वतःच मरत होते. जुलै २०२०च्या मध्यापर्यंत दीडशेच्या वर गेले. परीक्षा रद्द केली असं म्हणणारे म्हणोत. मला त्यात वेगळं दिसतं. सहा वर्षं दर विषयाला मास्तरांसमोर बसून उत्तरं दिलेल्या मुलांवर राज्याने भरवसा ठेवला. तो भरवसा आधी कमावलेला होता, म्हणून संकटात वापरता आला.

आता भाचीच्या कॉपीच्या प्रश्नाकडे येते. आमची लेखी चाचणी आम्ही सरळ बंद केली आणि सगळ्यांचीच तोंडी घ्यायची ठरवली. जिथे एका सकाळी काम व्हायचं तिथे आठ दिवस लागले. संध्याकाळी घसा बसलेला, डोळे चुरचुरताहेत. पण पुस्तकात बघून सांगता येईल असा प्रश्न विचारायचाच नाही, एवढं पथ्य पाळलं. 'हे विकर काय करतं' असं न विचारता 'हे विकर बंद पडलं तर पेशीत काय साचेल, आणि रुग्ण तुझ्याकडे काय तक्रार घेऊन येईल' असं विचारायचं. मग उत्तरातलाच एखादा शब्द धरून पुढे जायचं. तिसऱ्या प्रश्नाला मूल पुस्तकापासून लांब, स्वतःच्या डोक्यात गेलेलं असतं. तिथे कॉपी चालत नाही.

जूनमधली एक परीक्षा सांगते. मुलगी इटलीच्या टाचेवरच्या पुल्याची. पादोवा बंद होण्याच्या आदल्या रात्री दक्षिणेकडच्या गाड्या भरभरून गेल्या, त्यातल्याच एकीतून घरी पोहोचलेली. नियमाप्रमाणे तिने ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरलं, लॅपटॉप उचलून चारी भिंती दाखवल्या, टेबलाखालची जागा दाखवली. खोली फिरवताना कोपऱ्यात आजी दिसली, मांडीवर परात घेऊन शेंगा सोलणारी. मुलगी ओशाळली. घरात दोनच खोल्या, दुसरीत भाऊ शाळेच्या तासाला बसलेला. नोन्नाला, म्हणजे आजीला, बाहेर जायला सांगू का, तिने विचारलं. प्राध्यापक म्हणाले, "कशाला? परीक्षा जाहीर आहे. बसू दे त्यांना." क्रेब्जचं चक्र तिने कागदावर काढून समोर धरलं आणि विचारलं, "उलटं दिसतंय का?" तिला तिच्या पडद्यावर आरशासारखं उलटं दिसत होतं. आम्हाला नीट दिसत होतं, बाण सुद्धा. मध्ये दोनदा नेट गेलं. दोन्ही वेळा प्राध्यापकांनी तुटलेल्या वाक्यापासूनच पुढे बोलायला लावलं, प्रश्न बदलला नाही. २८ गुण सांगितले तेव्हा शेंगांचा आवाज थांबला होता.

सगळ्यांचं असं झालं नाही, तेही सांगायला हवं. एका मुलाच्या डोंगरातल्या घरी नेट येत नाही, त्याने गावच्या चौकात गाडी लावून, स्टिअरिंगवर फोन टेकवून परीक्षा दिली. वरच्या वर्गांतल्या मुलांचे वॉर्डातले महिने गेले. रुग्णाच्या पोटावर हात ठेवून यकृत चाचपणं झूमवर शिकवता येत नाही, आणि ते कसं भरून काढायचं यावर अजून भांडणं चालली आहेत. कॉफीच्या दुकानांत, खानावळींत काम करून शिकणाऱ्या मुलांचं उत्पन्न मार्चमध्ये एका दिवसात बंद झालं. इथे फी घरच्या उत्पन्नाप्रमाणे ठरते. सरकारने २०२० मध्ये फीमाफीची मर्यादा १३ हजार युरोंवरून २० हजारांवर नेली. गेल्या वर्षाची पदवी मिळवायची मुदतही १५ जूनपर्यंत वाढवली, म्हणजे अडकलेल्यांना जास्तीच्या वर्षाची फी पडली नाही. या दोन गोष्टींनी किती घरांत शिक्षण टिकलं असेल, ते खिडकीवर बसलेल्या आमच्या कारकून बाईंना विचारावं.

पदवीदान इथे रस्त्यावरचा सण असतो. डोक्यावर तेजपानाच्या जातीच्या पानांची हिरवी माळ, गळ्यात फुलं. आणि खास पादोवाचा 'पापिरो': मित्रांनी केलेलं भलंमोठं पोस्टर, त्यावर पदवीधराचं विचित्र व्यंगचित्र आणि जन्मापासूनच्या सगळ्या भानगडी यमकं जुळवून लिहिलेल्या. ते भर रस्त्यात मोठ्याने वाचायचं, चुकलं की वाइनचा घोट, वर मित्रांकडून पीठ नि अंडी. एप्रिलमध्ये आमच्या अंगणापलीकडच्या इमारतीतली मुलगी पदवीधर झाली. दिवाणखान्यात लॅपटॉपसमोर ती उभी, पलीकडे आपापल्या घरात जाकीट घालून उभं राहिलेलं मंडळ, अध्यक्षांनी कायद्याने दिलेल्या अधिकारात तिला 'दोत्तोरेस्सा' घोषित केलं. दहा मिनिटांत ती माळ घालून बाल्कनीत आली. पापिरो मित्रांनी मेलने पाठवलेला, घरच्या प्रिंटरवर सोळा कागदांवर छापून चिकटवलेला. कठड्यावर टांगून ती वाचायला लागली आणि एकेक करून अंगणाच्या चारी बाजूंच्या खिडक्या उघडल्या. ती अडखळली की सगळे मजले एकदम ओरडत, 'पी!' पीठ टाकायला मित्र नव्हते. तिच्या वडिलांनी आतून वाटीभर आणलं आणि फार हळू, लहान बाळाला पावडर लावावी तसं तिच्या डोक्यावर घातलं.

काल या खेपेची शेवटची परीक्षा घेतली. शेवटचा मुलगा चांगला बोलला, पण इन्शुलिनच्या प्रश्नावर गडबडला. आम्ही २४ दिले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, आभारी आहे प्रोफेसर, पण नको, सप्टेंबरमध्ये पुन्हा येतो. प्राध्यापकांनी कागदावर टिपून घेतलं. मुलगा अजून गेला नव्हता. त्याने विचारलं, सप्टेंबरमध्ये समोर बसून देता येईल का? प्राध्यापकांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या चौकोनाकडे. खोली क्रमांक, एक बाक सोडून बसण्याची सोय, उघडी खिडकी, हे सगळं मला ऑगस्टच्या सुट्टीआधी लिहून द्यायचं आहे.