प्रिया स्कूटर आणि बहात्तरचा दुष्काळ

साताऱ्यात पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये प्रिया स्कूटरचा विषय निघाला की ‘तेव्हा वस्तूंची कदर होती, वस्तू टिकायच्या’ हे ठरलेलं वाक्य येतंच. प्रिया तर इथलीच. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून 1975 मध्ये काढलेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या सातारच्या कारखान्यात ती तयार होई. पण कदर होती, कारण वस्तू सहजी मिळत नव्हती. किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत आणि नंबर लागलेली गाडी जादा दराने विकली जाई. आज ज्याला त्या पिढीचा संयम म्हणतात, तो बराचसा नाइलाज होता. टिकाऊपणाचंही तसंच. आज नजरेस पडतात त्या तगलेल्या गाड्या. भंगारात गेलेल्यांची साक्ष कोणी काढत नाही.

शिवाय ‘आमची पिढी’ म्हणताना त्यात कोणाकोणाला धरायचं? बजाजची चेतक 1972 मध्ये बाजारात आली. त्याच साली माण, खटाव, जत, आटपाडीतली माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. सुकडी आणि परदेशातून आलेली ‘मिलो’ ही तांबडी ज्वारी खाऊन दिवस काढत होती. त्यांचंही तारुण्य त्याच दशकातलं. स्मृतीच्या अभ्यासकांना आढळलं आहे की उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी अधिक येतात. म्हणजे सोन्याचं वाटणारं दशक बहुधा स्वतःच्या उमेदीचं असतं. ते दशक चांगलं होतं याचा तो पुरावा नव्हे.

मग ही सगळी हळहळ भाबडी का? नाही. तिच्यातली एक तक्रार खरी आहे: तेव्हा बिघडलेली वस्तू दुरुस्त करून मिळे. मिरजेत सतार-तंबोऱ्याची अशी दुरुस्ती आजही होते. तारांच्या घर्षणाने घोडीला चरे पडतात, नाद बिघडतो. कारागीर घोडी घासून तिची जवारी, म्हणजे तारेला नाद देणारा पृष्ठभाग, नव्याने काढून देतो आणि वाद्य पुढच्या पिढीच्या हाती जातं. हाताने घडवलेल्या वाद्याशी मोबाइलची तुलना कशी करायची, असा आक्षेप येईल. पण चिकटवून बंद केलेली बॅटरी आणि न मिळणारे सुटे भाग हे काही निसर्गनियम नाहीत, ते उत्पादकांचे निर्णय आहेत. केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं ते याचसाठी. तेव्हा जुनं दशक परत मागण्यापेक्षा नव्या वस्तूचे सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मागणं अधिक शहाणपणाचं. त्याचा फायदा ज्यांच्याकडे तेव्हा स्कूटर नव्हती, त्यांच्या नातवंडांनाही होईल.