बेरिलियम-८ची अर्धी-अर्धी वाटणी

बेरिलियम-८ हे केंद्रक म्हणजे औटघटकेचा पाहुणा. चार प्रोटॉन, चार न्यूट्रॉन एकत्र येतात आणि लगेच त्यांची दोन हेलियम केंद्रकं, म्हणजे अल्फा कण होतात. सेकंदाचे कोटी अब्ज तुकडे केले, तर त्यातल्या जेमतेम एका तुकड्याइतकं त्याचं आयुष्य. तरीही अणुकेंद्र-भौतिकीत त्याचा बराच बोलबाला आहे, तो त्याच्या वरच्या ऊर्जापातळ्यांमुळे.

ठरावीक ऊर्जेला केंद्रक क्षणभर तयार होतं आणि फुटतं. मोजणीच्या आलेखात तिथे उंचवटा येतो. हाच रेझोनन्स. १६.६३ आणि १६.९२ एमईव्हीला असे दोन उंचवटे शेजारी-शेजारी उभे आहेत. दोन्ही फुटून अल्फा कणच देतात, आणि गोची इथेच आहे.

ती कळायला थोडं मागे जाऊ. १९३२ साली चॅडविकने न्यूट्रॉन शोधला. त्याच वर्षी हायझेनबर्गने सुचवलं, की प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ही एकाच कणाची दोन रूपं मानावीत. केंद्रकातल्या बलाला त्यांच्यात जवळपास फरकच दिसत नाही. या समानतेचा हिशेब ठेवणारी राशी म्हणजे आयसोस्पिन. अल्फा कणाचा आयसोस्पिन शून्य, म्हणून दोघांचा मिळूनही शून्यच. केंद्रकातलं बल फुटताना हा हिशेब जपतं, साहजिकच आयसोस्पिन १ असलेल्या पातळीला अल्फांत फुटायची मुभा नाही. लिथियम-८ आणि बोरॉन-८ यांच्या तळपातळ्यांची बेरिलियममधली सख्खी बहीण अशी आयसोस्पिन १ची एक पातळी इथे असायलाच हवी. मग दोन्ही उंचवटे अल्फांत कसे फुटतात?

कारण प्रोटॉनवर विद्युतभार आहे, न्यूट्रॉनवर नाही. हे विद्युतबल समानतेत थोडी ढवळाढवळ करतं. एरवी तिचा परिणाम किरकोळ असतो. पण इथे आयसोस्पिन शून्य आणि एक असलेल्या दोन पातळ्या, दोघींचा स्पिन २, योगायोगाने जवळजवळ एकाच ऊर्जेवर येऊन ठेपल्या. अशा वेळी सुमारे ०.१५ एमईव्हीचं ढकलणंही पुरतं: पातळ्या एकमेकींत मिसळतात आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.३ एमईव्हीने दुरावतात. उंचवट्यांमधलं अंतर जवळपास तेवढंच आहे! दोघींच्या वाट्याला आयसोस्पिन शून्य आणि एक जवळपास अर्धे-अर्धे येतात, आणि शून्याचा अंश लाभल्यामुळे दोघींनाही अल्फांची वाट मोकळी होते.

या मिश्रणाचं रूपही मला फार देखणं वाटतं. खालची पातळी बरीचशी लिथियम-७ला चिकटलेल्या प्रोटॉनसारखी, वरची बेरिलियम-७ला चिकटलेल्या न्यूट्रॉनसारखी. लिथियम-७च्या पदरात एक प्रोटॉन टाकणाऱ्या अभिक्रियांत १६.६३चा उंचवटा ठळक उठतो, १६.९२चा मात्र फिकाच राहतो.